घुमटावरचं कुंकू

ज्या माणसामुळे मी पदवीपर्यंत पोचलो ती माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. आमचं गाव बदलापूरच्या पलीकडे, बारवीच्या वाटेवर. गावातली शाळा सातवीला संपायची आणि बहुतेक पोरांचं शिक्षणही तिथेच संपायचं. माझं संपलं नाही, कारण त्या उन्हाळ्यात आत्या गावी आली, माझे कपडे एका पिशवीत भरले आणि वडिलांना म्हणाली, "ह्याला मी नेतंय. कोनाला रडायचा आसंल त्यानी आताच रडून घ्या."

विठ्ठलवाडीला चाळीत तिची एक खोली होती. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेलेला, मूलबाळ नाही. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या जीन्सच्या कारखान्यात ती कामाला होती. आधी पँटींचे लोंबणारे धागे कापायची, मग कापडाच्या कडा शिवणाऱ्या ओव्हरलॉक मशीनवर बसायला लागली. कच्च्या निळीचं कापड दिवसभर हाताळून तिची बोटं पेरापर्यंत निळी झालेली असायची. त्याच बोटांनी ती भाकरी थापायची, माझ्या वह्यांना कव्हरं घालायची आणि परीक्षेला निघताना माझ्या तळहातावर दही ठेवायची.

मशीनच्या आवाजाने तिचे कान गेले. ते आम्हाला उशिरा कळलं. बी.एस्सी.चा निकाल लागला त्या दिवशी मी चाळीच्या तोंडापासूनच ओरडत आलो. सगळ्या चाळीला कळलं, शेजारची बाई साखर घेऊन धावली, आणि आत्या मात्र स्टोव्हकडे तोंड करून कांदा परतत होती. शेवटी त्या बाईने तिच्या तोंडात साखर कोंबली तेव्हा तिने विचारलं, "कोनाचा काय झाला?"

हे मी रागात लिहितो आहे. राग अजून गेलेला नाही, आणि तो लवकर जावा असं मला वाटतही नाही. पण आधी माझं काम काय ते सांगायला हवं, कारण त्यावाचून पुढचं कळणार नाही.

उल्हासनगरात एका सिंधी शेठचं स्पीकरचं दुकान आहे. खाली टीव्ही आणि मिक्सर, वर काचेच्या दाराआड गाणी ऐकवण्याची खोली. वरच्या खोलीतले स्पीकर घेणारे लोक वेगळे. ते महिनोन्‌महिने येतात, डोळे मिटून एकच गाणं चार जोड्यांवर ऐकतात आणि मग एक जोडी घरी नेतात. ती त्यांच्या घरी बसवून देणं हे माझं काम. इलेक्ट्रॉनिक्स घेऊन पदवी मिळवलेला म्हणून शेठ मला "इंजिनियर" म्हणतो. मी त्याला अनेकदा सांगितलं, शेठ, मी इंजिनियर नाही. तो म्हणतो, "साईं, पार्टी के सामने तू इंजिनियर है. पार्टी के पीछे जो चाहे बन."

गावाकडे मात्र मी डीजेवाला. आमच्याकडे हळदीला भिंतीएवढे स्पीकर लागतात आणि रात्रभर नाच चालतो, त्यामुळे स्पीकर म्हटलं की लोकांना दुसरं काही सुचत नाही. एका चुलत्याने तर भर लग्नात विचारलं, "एवढा शिकून तू डीजेच लावतंस ना रं? मंग आमच्या पोराच्या हलदीला फुकट लाव." सगळे हसले. आत्या हसली नाही. तिला ऐकूही आलं नसेल, पण तोंडं दिसली होती. घरी येताना रिक्षात तिने मला विचारलं, "बाला, तू नक्की काय करतंस? मना एकदा दाखव तरी."

खरं तर एक जोडी नीट बसवायला माझा अख्खा दिवस जातो. मागच्या भिंतीपासून दोन्हींचं अंतर सारखं हवं. ऐकणाऱ्याची जागा आणि दोन स्पीकर यांचा त्रिकोण साधावा लागतो. मग दोन्ही किंचित आतल्या बाजूला वळवायचे, थोडं वळवून ऐकायचं, पुन्हा थोडं वळवायचं. खाली पितळी टोकं लावून पाणसळीने पातळी बघायची. दोन्हीकडच्या तारा सारख्या लांबीच्या कापायच्या. लाल टोक लालला, काळं काळ्याला. एका बाजूला उलटं झालं तर दोन्ही स्पीकर एकमेकांविरुद्ध ढकलाढकली करतात. आवाज मोठा येतो, पण गाण्याचं पोट गेल्यासारखं वाटतं. हे सगळं जमलं की एक वेळ येते जेव्हा स्पीकर दिसेनासे होतात आणि गाणारी बाई समोरच्या भिंतीच्या मधोमध येऊन उभी राहते. तिथे काहीच नसतं, फक्त भिंत. पण ती तिथे असते. ते दाखवायला आत्याला कधीतरी न्यावं असं मला फार दिवस वाटत होतं. ऐकू येईल की नाही ठाऊक नव्हतं, पण अशा जोडीच्या लाकडावर हात ठेवला तर हाताला तरी कळेल, असा माझा हिशेब होता.

संधी मिळाली ती अंबरनाथच्या साहेबांच्या घरी. साहेब तिथल्याच एका रसायनाच्या कारखान्यातून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले. आयुष्यभर चांगल्या स्पीकरची हौस, ती आता पुरी करत होते. घर पूर्वेला, पुढे आवळ्याचं झाड, आत पुस्तकांची कपाटं. मला "अहो" म्हणायचे. खुर्ची द्यायचे. माझ्या शिक्षणाची चौकशी केली आणि म्हणाले, "तुमच्यासारखी मुलं पाहिली की बरं वाटतं." मी त्या वाक्यावर आठवडाभर तरंगत होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. आमच्यासारख्यांना कुणी खुर्ची दिली की आम्ही ती जन्मभर लक्षात ठेवतो.

काम सोपं नव्हतं. सोफा भिंतीपासून पुढे ओढायचा म्हटल्यावर काकू, म्हणजे साहेबांच्या पत्नी, कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "सोफा भिंतीलाच राहील. मागून काय म्हशी न्यायच्यात का?" साहेब हळूच म्हणाले, "अगं, आवाज मागच्या भिंतीवर आपटतो." काकू म्हणाल्या, "तीस वर्षं तुमचा आवाज आपटतोय, भिंतीला काही झालं नाही." सूनबाई स्वयंपाकघरात खुदकन हसली. मग वीतभर सोफा पुढे घ्यायला त्यांनी परवानगी दिली. एक बारीक गुणगुण येत होती, तीही छतातल्या दिव्यांच्या मंद करण्याच्या बटणामुळे निघाली. ती लाइन वेगळी केली. साहेब खूश झाले. म्हणाले, "दसऱ्याला उद्घाटन करू. त्या दिवशी शेवटचा हात फिरवायला या. आणि घरचं कुणी बघायला येणार असेल तर जरूर आणा."

दसऱ्याचं उल्हासनगरात काय असतं ते मला वेगळं सांगायला नको. कारखाना लहान असो की मोठा, मशीनला झेंडूची माळ, गंध, नारळ. आत्याच्या कारखान्यात ताट फिरायचं तेव्हा सिंधी मालक स्वतः ते प्रत्येक कारागिराच्या हातात द्यायचा. पहिल्या वर्षी आत्या मागे सरली होती. मालक म्हणाला होता, "मशीन किसका? तेरा. तो तिलक कौन लगायेगा, मेरा बाप?" तेव्हापासून दर दसऱ्याला आत्याने आपल्या मशीनला आपल्या हाताने कुंकू लावलं. शाळेला सुट्टी म्हणून मीही असायचो. पेढा मिळायचा. आत्याचं निळं बोट, त्यावर लाल कुंकू, आणि मशीनच्या काळ्या लोखंडावर उमटलेला ठिपका, हे मी कितीदा तरी पाहिलेलं आहे.

म्हणून साहेबांच्या घरी जाताना ती नवं लुगडं नेसली. ती तेव्हा माझ्याबरोबर बदलापूरला भाड्याच्या घरात राहत होती. कारखाना सुटला होता, पण धागे कापायला पँटींचे गठ्ठे घरी आणायची, त्यामुळे बोटं अजून निळीच. निघताना तिने ती लिंबाने घासली. "मोठ्याची घरा हायत," म्हणाली.

दुपार होती. मी शेवटचा हात फिरवला, एक गाणं लावलं आणि साहेबांना मधल्या जागी बसवलं. गाणारी भिंतीच्या मधोमध आली. साहेबांचे डोळे ओले झाले. मग मी त्यांना विचारून आत्याचा तळहात डाव्या स्पीकरच्या बाजूच्या लाकडावर ठेवला. ती आधी दचकली. मग तिने दुसराही हात ठेवला आणि मान हलवायला लागली. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही; ती जोरात म्हणाली, "अरं, ही बाय तर हातान गाते!" साहेब हसले. मीही हसलो. तेवढी चार मिनिटं माझी पदवी सार्थकी लागली होती.

मग पूजेची तयारी झाली. स्पीकरच्या पुढ्यात कापडाचं झाकण असतं, ते मी बसवून ठेवलं होतं. काकू म्हणाल्या, "ते काढा. पूजा कापडाची करायची की वस्तूची?" मी काढलं आणि सगळ्यांना दाखवून सांगितलं, "हा वरचा छोटा गोल म्हणजे ट्विटर. त्याच्या मध्ये हा घुमट आहे, कांद्याच्या सालीसारखा पातळ धातू. बारीक, उंच आवाज इथून येतो. ह्याला कुणी बोट लावू नका." साहेबांनी मान डोलावली. काकू वाती वळत होत्या.

ताट आलं. काकूंनी उजव्या स्पीकरच्या लाकडाला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं. ताट शेजारच्या एका बाईंकडे गेलं. त्यांच्या पुढे आत्या उभी होती. ताट आपल्याकडे येतंय म्हणून तिने सवयीने पदर डोक्यावर घेतला आणि दोन्ही हात पुढे केले. शेजारच्या बाईंनी काकूंकडे बघितलं. काकूंनी अगदी थोडी मान हलवली. ताट आत्याच्या हातांवरून, समोरून, सूनबाईकडे गेलं. ती डाव्या स्पीकरपुढे वाकली, मला तिची पाठच दिसली. आत्याचे हात तसेच राहिले थोडा वेळ, मग तिने ते पदरात घेतले, थंडी वाजल्यासारखे.

मी ॲम्प्लिफायरजवळ रिमोट धरून उभा होतो. त्याच क्षणी बोलायला हवं होतं असं आज कुणी म्हणेल. मला शब्दच सापडले नाहीत, कारण मला खरंच कळलं नव्हतं की हे ह्या घरात होऊ शकतं. आमच्या गावात विधवेला बाजूला ठेवतात ते उघड ठेवतात, आणि त्यावरून भांडताही येतं. इथे पुस्तकांच्या कपाटांसमोर, खुर्ची देणाऱ्या माणसांनी, मानेच्या नुसत्या एका हलवण्याने ते केलं.

नारळ बाहेर फोडला. पेढे झाले. साहेब म्हणाले, "आता लावा." मी लावलं, आणि डाव्या बाजूने गाणं चिरकलं. गाणारी मधून सरकून उजवीकडे गेली आणि डावीकडे नुसती खरखर उरली. मी आवाज बंद केला, वाकून पाहिलं. डाव्या स्पीकरचा छोटा घुमट आत दबला होता, अंगठ्याने पाव दाबावा तसा. आणि त्या खळग्याच्या मधोमध कुंकवाचा ठिपका होता.

सगळे गोळा झाले. साहेब पांढरे पडले. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "मघाशी ह्यांच्या आत्या दोन्ही हात लावून उभ्या होत्या. मी म्हणणारच होते."

मी म्हणालो, "काकू, तिने लाकडाला हात लावला होता. आणि त्यानंतर गाणं नीट वाजत..."

माझं कोपर कुणीतरी घट्ट धरलं. आत्याने सगळं ऐकलं नव्हतं, पण बोट कुणाकडे आहे ते तिला दिसलं होतं. ती मोठ्याने म्हणाली, "व्हय बाय, माझाच हात लागला आसंल. मना समजला नाय. पोराला काय बोलू नका."

मी तिला म्हणालो, "आत्या, खोटं कशाला बोलतेस?"

"गप," ती म्हणाली. इतकं हळू ती कित्येक वर्षांत बोलली नव्हती.

सूनबाई ताट हातात घेऊन उभी होती. तिने खाली बघितलं. साहेब म्हणाले, "जाऊ द्या, वयस्कर बाई आहेत, वाद नको." म्हणजे गुन्हा सिद्ध झाला आणि वर माफीही मिळाली. आम्ही चपला घातल्या.

परतीच्या रिक्षात मी संतापाने बोलत होतो. तिला ऐकू येत नव्हतं म्हणून ओरडत होतो, रिक्षावाला आरशातून बघत होता. आत्या शेवटी म्हणाली, "माझा हात लागला आसता तं निला डाग पडला आसता, लाल कसा पडंल?" आणि हसली. मग हसणं थांबवून म्हणाली, "तुझी नोकरी हाय बाला. माझा काय जातंय?" दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो असताना तिने आपलं बोचकं बांधलं आणि गावी निघून गेली. चुलतभावाच्या फोनवरून निरोप आला: माझी सावली तुझ्या कामावर नको.

हे वाक्य तिला कुणी शिकवलं? इतकी वर्षं तिने मला शिकवलं, आणि तिला हे शिकवणारे कोण होते? मी घरात एकटा बसून तो प्रश्न भिंतीला विचारत होतो. धागे कापायचा राहिलेला गठ्ठा दाराजवळ तसाच पडला होता.

शेठला सगळं कळलं होतंच. त्याने मला वरच्या खोलीत बसवलं, चहा मागवला. "देख साईं, पार्टी अच्छी है. नया ट्विटर मैं मंगाता हूँ, उसकी फिकर मत कर. तू बस साहब को इतना बोल दे, आत्या का हाथ लगा, सॉरी. उनके घर में शांती, अपने दुकान में शांती."

मी म्हणालो, "शेठ, तिने हात लावला नाही. त्यांच्या सुनेने अंगठ्याने कुंकू लावलं."

"मालूम है."

"मालूम आहे?"

"अरे, कुंकू कौन लगाता है हाथ लगाये बिना? मैं धंदा करता हूँ, अंधा थोडी हूँ." त्याने बिस्कीट बुडवलं. "लेकिन तेरी आत्या ने खुद बोला ना. उसका बोला हुआ तू क्यों काटता है?"

"ती माझ्यासाठी खोटं बोलली, शेठ. मी तिच्यासाठी खोटं बोललो तर एक वेळ चालेल. तिच्यावर बोलणार नाही."

शेठने कप खाली ठेवला. "पढ़ा लिखा के यही होता है," म्हणाला आणि खाली गेला. तो रागावला होता की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

नवा ट्विटर परदेशातून यायला दिवाळी उलटली. तो बसवायला मीच जाणार होतो. दुसऱ्या कुणाला ते येत नव्हतं. शेठ जाताना एवढंच म्हणाला, "काम करके आना. बाकी तू जाने."

साहेबांच्या घरी पुन्हा खुर्ची मिळाली. मी बसलो नाही. दिवाणखान्यातल्या टेबलावर पांढरा रुमाल पसरला, डाव्या स्पीकरचे स्क्रू काढले, आतल्या दोन तारा सोडवल्या आणि दबलेला ट्विटर रुमालावर ठेवला. कुंकू तसंच होतं, सुकून गडद झालेलं. साहेब, काकू आणि सूनबाई, तिघंही तिथे होती.

मी म्हणालो, "साहेब, एक बोलायचं आहे. मग काम पुरं करतो."

"बोला ना."

"त्या दिवशी पूजेचं ताट माझ्या आत्याच्या हातात दिलं गेलं नव्हतं. तिने हात पुढे केले होते, ताट पुढे गेलं. हे सगळ्यांनी बघितलं. मग हे कुंकू तिने कुठून आणलं असेल?"

काकू म्हणाल्या, "आता ते कशाला उकरून काढायचं? झालं गेलं."

"तुमच्यासाठी झालं. माझी आत्या घर सोडून गेली आहे."

तेव्हा सूनबाई म्हणाली, "मीच लावलं होतं. नीट बसावं म्हणून दाबलं. मला वाटलं, मधोमध लावायचं असतं." तिचा चेहरा लाल झाला होता.

आणि काकू लगेच, क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या, "बरं, असू दे. तिला तरी काय माहीत, एवढं नाजूक असतं म्हणून!"

हे वाक्य मी विसरू शकत नाही. सगळा राग तिथे आहे. तोच घुमट, तोच खळगा. सुनेचा अंगठा निघाला तेव्हा वस्तू नाजूक होती. आत्याचं नाव होतं तेव्हा हात वाईट होता. तिच्या वाट्याला "तिला तरी काय माहीत" आलं नाही, कारण त्या घरात तिचं काही न कळणं हे आधीच ठरलेलं होतं. ज्या रूढीने तिच्या हातात ताट येऊ दिलं नाही, त्याच रूढीने ती निर्दोष ठरत होती, आणि तरी त्या दुपारी ती साधी गोष्ट खोलीतल्या एकाही शिकलेल्या माणसाने बोलून दाखवली नव्हती.

साहेब म्हणाले, "चहा टाकायला सांगतो. आमचं चुकलं, हं." चहाचं आणि चुकीचं त्यांनी एकाच दमात सांगितलं. मी म्हणालो, "चहा नको. चुकलं ते मला नका सांगू, तिला सांगा. गाव बारवीच्या वाटेवर आहे, पत्ता देऊन जातो." पत्ता त्यांनी घेतला. अजून तरी कुणी गेलेलं नाही.

काम मात्र मी चोख केलं. स्पीकरचा काही दोष नव्हता. नव्या ट्विटरला तारांची टोकं जोडली, रुंद पट्टी रुंदला, अरुंद अरुंदला, स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने आवळले, अंतर पुन्हा मोजलं. गाणारी भिंतीच्या मधोमध परत आली. साहेब बसले नाहीत ऐकायला. मी जुना ट्विटर रुमालात गुंडाळला. तो दुकानाने परत घ्यायचा असतो.

संध्याकाळी शेठला साहेबांचा फोन आला होता. काम उत्तम झालं, पण पुढच्या वेळी दुसरा माणूस पाठवा. शेठने मला ते सांगितलं, शिव्या घातल्या नाहीत. मग वरच्या खोलीतल्या एका कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या छोट्या जोडीकडे हात केला. "ये डेमो का पीस पड़ा है कब से. घर ले जा. आत्या को सुना." मी आभार मानायला लागलो तर म्हणाला, "जा जा, भाषण मत दे."

ती जोडी मी बदलापूरच्या खोलीत बसवली. आत्याला फोनवर काही ऐकू येत नाही, आणि निरोप चुलतभावांमार्फत गेला की त्याचं दुसरंच काहीतरी होतं. ती चौथी शिकलेली आहे, ठळक अक्षर असेल तर हळूहळू वाचते. म्हणून मी मोठ्या अक्षरात पत्र लिहिलं आणि पोस्टाने पाठवलं, म्हणजे वाटेत कुणी वाचणार नाही. ते असं:

तीर्थरूप आत्यास,

पाया पडतो. अक्षर मोठं काढलं आहे, चष्मा पुसून वाच.

मी तुझ्यावर रागावलो आहे. हे आधी लिहितो, कारण समोर असलीस की मला बोलू देत नाहीस. तुझा हात लागला नव्हता. तू तसं बोललीस ते माझ्यासाठी हे मला कळतं, पण मला तसली नोकरी नको. तू मला शिकवलंस ते तुझ्यावर खोटा आळ येताना बघत उभं राहण्यासाठी नाही.

नोकरी गेलेली नाही. मी साहेबांच्या घरी सगळ्यांसमोर विचारलं. त्यांच्या सुनेने कबूल केलं की तिनेच अंगठा दाबला. साहेब चुकलं म्हणाले. मी त्यांना गावचा पत्ता दिला आहे. आले तर पाणी दे, पण "असू द्या" म्हणू नकोस. तुला ते फार लवकर म्हणायची सवय आहे.

तुझी सावली माझ्या कामावर नको, असा निरोप तू पाठवलास. कारखान्यात तुझ्या मशीनला इतकी वर्षं तूच कुंकू लावलंस, ते मशीन कधी बंद पडलं का? मालक तर म्हणायचा, हिचं मशीन सगळ्यांत कमी धागा तोडतं. हे तू मला स्वतः सांगितलं आहेस, विसरली असशील.

धाग्यांचा गठ्ठा तसाच आहे. माल मागायला माणूस दोनदा येऊन गेला. मी धागे कापायला बसलो तर एक पँटच कापली, मग त्याने माझ्या हातातून कात्री काढून घेतली.

शेठने एक जोडी दिली आहे. आपल्या खोलीत बसवली. भिंतीपासून अंतर मोजलं, तारा जोडल्या, लाल लालला, काळी काळ्याला. पण अजून एकदाही चालू केली नाही. तू रविवारी सकाळच्या एसटीने ये, मी बदलापूर स्टेशनला थांबतो. कुंकवाची डबी आणून ठेवली आहे. लावशील ते वरच्या लाकडाला लाव, मधल्या घुमटाला नको. आणि लावून झालं की हात तिथेच ठेव, मग मी चालू करतो.

तुझा भाचा